मन थकले तर झाडाजवळ बसा
कुटुंबांसाठी आणि नव्या बालवाडी-अंगणवाडी ताईंसाठी

आमच्या भागातील एका विहारात सकाळी बालवाडी भरते. गेल्या जूनमध्ये तिथे एक नवी ताई रुजू झाली. बारावी शिकलेली, वस्तीतलीच मुलगी. पहिल्याच आठवड्यात तिच्यापुढे प्रश्न उभा राहिला. साडेतीन वर्षांचा एक मुलगा रोज येई, दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसे आणि कुणी जवळ गेले की चावे. तोंडातून शब्द नाही. उन्हाळ्यात त्याचे वडील अपघातात गेले होते. आई पहाटेच धुण्याभांड्यांच्या कामाला निघे. आजी त्याला आणून सोडी आणि म्हणे, "बाई, याला जरा गप बसायला शिकवा." ताई मनात म्हणे, गप तर तो बसलेलाच आहे.

एके दिवशी वीज गेली. पंखा बंद, खोलीत उकाडा, दोन-चार मुले रडायला लागली. ताईने सगळ्यांना बाहेर विहाराच्या आवारातल्या पिंपळाखाली नेले. पाऊस नुकताच थांबला होता. ती म्हणाली, "पडलेली पाने गोळा करा. सगळ्यांत मोठे कुणाला सापडते बघू." मुले पांगली. तो मुलगा पायरीवरच उभा राहिला. बऱ्याच वेळाने खाली उतरला, एक ओले पान देठाला धरून उचलले आणि त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मुंगी."

ताईने टाळ्या वाजवल्या नाहीत, त्याला उचलून घेतले नाही. ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "हो रे, मुंगी. कुठं चालली असेल ती?"

त्या दिवसापासून सगळे सुरळीत झाले असे कुणी समजू नये. चावणे त्यानंतरही महिनाभर चालले. पण ताईला एक वाट सापडली. रोज वीस मिनिटे ती मुलांना झाडाखाली नेऊ लागली. कुणाच्याही घराला परवडणारी आणि कुठल्याही नव्या ताईला जमणारी ही वाट कशी चालायची, ते या लेखात पाहू.

मन का थकते?

पत्र्याची दहा बाय बाराची खोली. तिच्यात सहा माणसे. एका बाजूला शेजारचा टीव्ही, दुसऱ्या बाजूला मिक्सर. नळाला पाणी कधी येईल याकडे कान. बचत गटाचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, पोराची फी. मे महिन्यात दुपारी पत्रा तापला की डोळ्याला डोळा लागत नाही. अशा घरातल्या बाईला कुणी विचारले, "काय काम केलंस दिवसभर?" तर तिला मोजूनही सांगता येणार नाही. पण तिचे मन दिवसभर राबलेले असते.

एकाग्र होण्याची ताकद ही हातापायांच्या ताकदीसारखीच असते. वापरली की खर्च होते. आवाज बाजूला सारायचा, चिंता बाजूला सारायची, हातातले काम बिघडू द्यायचे नाही, यात ती संपून जाते. ती संपली की माणूस क्षुल्लक गोष्टीवर चिडतो, विसरतो, मुलावर हात उगारतो आणि मग रात्री पश्चात्ताप करत बसतो. अमेरिकेतील रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने हा थकवा नीट उलगडून सांगितला. त्यांचे म्हणणे असे की हलणारी पाने, ढग, वाहते पाणी, पाखरांची ये-जा यांच्याकडे लक्ष आपोआप जाते, त्यासाठी मनाला जोर लावावा लागत नाही. तेवढ्या वेळात खर्च झालेली ताकद पुन्हा भरून येते.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. मन थकणे म्हणजे मन कमजोर असणे नव्हे. "तुझ्याच डोक्यात काय एवढं भरलंय?" असे घरातल्या बाईला किंवा मुलाला म्हणू नये. जे ओझे दिवसभर वाहिले, त्याचा तो थकवा आहे.

अभ्यास काय सांगतात?

झाडाजवळ बरे वाटते हे आपली आजीसुद्धा सांगेल. पण तपासून पाहिलेली गोष्ट अधिक पक्की. १९८४ साली रॉजर उल्रिक यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण होते. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली.

दुसरा अभ्यास आपल्याला अधिक जवळचा वाटेल. शिकागो शहरात रॉबर्ट टेलर होम्स नावाची सरकारी घरांची मोठी वसाहत होती. राहणारे बहुतेक सगळे कृष्णवर्णीय आणि गरीब. इमारती एकसारख्या. काहींच्या भोवती झाडे आणि गवत, काहींच्या भोवती नुसते काँक्रीट. कुणाला कुठली इमारत मिळेल हे सरकारी वाटपावर अवलंबून असल्यामुळे शांत माणसांनी झाडांची जागा निवडली असे म्हणायला वाव नव्हता. फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सलिवन यांनी तिथल्या १४५ स्त्रियांशी बोलून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. झाडे असलेल्या इमारतींत घरातली भांडणे आणि मारहाण कमी होती, आणि तिथल्या स्त्रियांचे मनही कमी थकलेले होते. झाडे होती म्हणजे जंगल नव्हते. चार झाडे आणि थोडे गवत, एवढेच.

आणि वेळ किती लागतो? इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. आठवड्यात एकूण दोन तास हिरव्या जागेत घालवणाऱ्यांमध्ये तब्येत चांगली असल्याचे आणि मन समाधानी असल्याचे सांगणारे अधिक आढळले. ते दोन तास एकदम घालवले की थोडे थोडे करून, याने फरक पडला नाही. दोन तास म्हणजे रोजची सतरा-अठरा मिनिटे.

तथागतांचा वारसा

सिद्धार्थाचा जन्म लुंबिनीत शालवृक्षाखाली झाला. संबोधी पिंपळाखाली, पहिला उपदेश सारनाथच्या मृगदावात, महापरिनिर्वाण कुशीनगरला दोन शालवृक्षांमध्ये. लहानपणी शेतीच्या उत्सवात जांभळीच्या झाडाखाली एकटा बसलेला असताना त्याचे मन पहिल्यांदा एकाग्र झाले, अशी नोंद पाली ग्रंथांत आहे. भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे हा वर्षावासाचा नियम झाला त्यामागे एक कारण असे होते की कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत.

आईवडिलांनी एक गोष्ट मुद्दाम वाचावी. तथागतांनी राहुलला केलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. आपल्या मुलाला ते पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा यांच्याकडे बघायला सांगतात. जमिनीवर स्वच्छ वस्तू टाका की घाण टाका, जमीन किळस करत नाही, खचत नाही. तसे मन कर, असा त्याचा आशय आहे. वडील मुलाला राग आणि तिरस्कार कसा हाताळायचा ते मातीकडे बोट दाखवून शिकवतात. अडीच हजार वर्षांनंतर आपणही हेच करू शकतो.

पण आपल्या समाजाच्या बाबतीत निसर्गाची गोष्ट एवढी सरळ नाही. आपल्या आजा-पणजांना गावची विहीर बंद होती, तळे बंद होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा पाणी हा माणूस म्हणून आपला हक्क आहे हे साऱ्या देशाला सांगितले. आपल्या लोकांनी रानात, शेतात, नदीकाठी आयुष्य काढले ते बहुतेक दुसऱ्यासाठी राबत. त्यामुळे "बागेत फिरायला जा" हे कुणी म्हटले की आपल्याला ते मोठ्या घरच्या लोकांचे वाटते. ते तसे वाटू देऊ नका. सार्वजनिक बाग, नदीकाठ, टेकडी, रस्त्याकडेचे झाड यावर आपल्या मुलांचा तेवढाच हक्क आहे. छत्रपती संभाजीनगरला बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले, त्या परिसराचे नाव नागसेनवन आहे, हे विसरू नये.

हेही तितकेच स्पष्ट असू द्या. वस्तीला नळ हवा, झाकलेले गटार हवे, मुलांना मैदान हवे. एक कुंडी ठेवली म्हणून या मागण्या संपत नाहीत. थकलेल्या माणसाला मागणी रेटायलाही बळ लागते. ते बळ भरून काढण्यासाठी ही वीस मिनिटे.

घरी काय करावे?

यातले सगळे करायचे नाही. एक निवडा आणि महिनाभर सोडू नका.

सकाळची दहा मिनिटे. उठल्यावर मोबाइल हातात घेण्याआधी दाराबाहेर किंवा गच्चीवर या. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि रात्री झोप लागायला मदत होते. आकाशाकडे बघा. मुलाला विचारा, "आज ढग आहेत का? वारा कुठून येतोय?" उत्तर चूक-बरोबर ठरवू नका.

मेथीचा डबा. तेलाचा रिकामा डबा किंवा फुटकी बादली घ्या, तळाला भोके पाडा, माती भरा. मूठभर मेथी रात्रभर भिजवून पेरा. दोन-तीन दिवसांत कोंब येतात, दोन-तीन आठवड्यांत कोवळी भाजी खुडता येते. लहान मुलाला वाट बघणे शिकवायला याहून सोपे साधन नाही. पाणी घालण्याचे काम घरातल्या सर्वांत अबोल माणसाला द्या. काम सुटलेल्या माणसालाही द्या. आपल्यावाचून काहीतरी सुकेल ही जाणीव माणसाला उठवते.

पाच इंद्रियांचा खेळ. मूल घाबरले असेल, घरात भांडण होऊन गेले असेल, किंवा आपलेच डोके सुन्न झाले असेल, तर झाडाजवळ उभे राहा. दिसणाऱ्या पाच गोष्टी सांगा. हाताने चार गोष्टींना स्पर्श करा. ऐकू येणारे तीन आवाज ओळखा. दोन वास घ्या. शेवटी पाण्याचा एक घोट घ्या आणि त्याची चव बघा. घाबरलेले मन काल घडलेल्या किंवा उद्या घडणाऱ्या गोष्टीत अडकलेले असते. या खेळाने ते आता जिथे आहोत तिथे येते.

पोटावरचे पान. मुलाला चटईवर उताणे झोपवा, पोटावर पान ठेवा. श्वासाबरोबर पान वर जाते, खाली येते, ते बघायला सांगा. श्वास सोडताना थोडा जास्त वेळ लावायचा. याने हृदयाचे ठोके संथ होतात. मोठ्यांसाठी जी आनापानसती, ती लहानांसाठी पानाचा खेळ.

पिंपळपानाची जाळी. गळलेले पिंपळपान झाकणाच्या बरणीत पाण्यात तीन-चार आठवडे ठेवा, अधूनमधून पाणी बदला. गर कुजला की जुन्या ब्रशने हलकेच घासा, जाळी उरते. वास येतो, पण मुलांना तीच मजा असते. ती जाळी वहीत ठेवावी किंवा घरात लावावी.

आजीची रानभाजी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, घोळ, आघाडा या भाज्या आजीला ओळखता येतात. तिला नातवंडांसोबत घेऊन जा आणि तिला बोलू द्या. गाव सुटलेल्या म्हाताऱ्या माणसाला वस्तीत आपण निरुपयोगी झालो असे वाटत असते. त्या दिवशी ती घरातली शिक्षिका असते. मात्र गटाराकाठची किंवा फवारणी झालेली भाजी खाऊ नका, आणि ओळख पक्की नसेल तर नुसती बघून सोडा.

पौर्णिमेचा चंद्र. पौर्णिमेला वंदना झाली की दिवे मालवून दहा मिनिटे गच्चीवर किंवा विहाराच्या अंगणात शांत बसा. ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलावे. वैशाखी पौर्णिमेला ब्रह्मदेशात लोक बोधिवृक्षाला पाणी घालतात. आपल्याकडे तो ऐन उन्हाळा. झाडाला पाणी आणि पाखरांसाठी मातीचे पसरट भांडे, हा कार्यक्रम मुले आनंदाने करतील.

काही काळजी घ्यायलाच हवी. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणून पाखरांचे पाणी रोज बदला, कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी कोरड्या करा. मातीत खेळून झाल्यावर साबणाने हात धुवा. भिंतीच्या भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप अलगद काढून डब्यात लावा, पण मोठे झाल्यावर घराजवळ लावू नका. त्याची मुळे भिंत फोडतात. त्याला विहाराच्या मोकळ्या आवारात किंवा मैदानाच्या कडेला जागा द्या.

आणि एक गोष्ट. पिंपळावर मुंजा असतो म्हणून मुलांना त्याच्याखाली जाऊ न देणारी घरे अजून आहेत. ज्या झाडाखाली सम्यक संबुद्धाला ज्ञान झाले त्या झाडाची आपल्या मुलांना भीती कशाला? नवससुद्धा नको. फक्त कृतज्ञता असावी.

नव्या ताईंसाठी

मुलांना निसर्गातून शिकवायचे ही कल्पना परदेशातून आली असे नव्या ताईंना वाटते. तिची मुळे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरीब, दलित, आदिवासी घरांतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसले तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. महाग साहित्य आणायला पैसे नव्हते, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, दगड हेच शिकवण्याचे साहित्य झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

तेव्हा ताई, तुमच्या खोलीत खेळणी कमी असतील तर स्वतःला कमी समजू नका.

विहार समितीने किंवा महिला मंडळाने एखाद्या रविवारी नव्या ताईंसाठी तीन तासांचे प्रशिक्षण ठेवावे. त्याला बाहेरचा वक्ता लागत नाही. एक अनुभवी ताई पुरे.

पहिला तास ताईंचा स्वतःचा. पंधरा मिनिटे झाडाखाली न बोलता बसायचे. मग दोघी-दोघींनी लहानपणीच्या एखाद्या झाडाची, ओढ्याची, पावसाची आठवण एकमेकींना सांगायची. ऐकणारीने मध्ये बोलायचे नाही, सल्ला द्यायचा नाही. ऐकून घेतले की कसे वाटते हे स्वतः अनुभवल्याशिवाय मुलांचे ऐकता येत नाही.

दुसरा तास साहित्याचा. आवारातून दहा प्रकारच्या वस्तू गोळा करा. लहान-मोठे, गुळगुळीत-खरखरीत, हलके-जड असे गट पाडा. मोजणी, रंग, आकार सगळे त्यातच येते. धोतरा, कण्हेर, एरंडाच्या आणि गुंजेच्या बिया विषारी असतात. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. गाजरगवत अंगाला लागले की खाज येते. ज्वारीच्या दाण्याएवढ्या बिया अगदी लहान मुले नाकात घालतात, त्यांना मोठे दगड आणि पाने द्या.

याच तासात भावनांची फांदी तयार करा. वाळूने भरलेल्या डब्यात एक सुकी फांदी रोवा. सकाळी आल्यावर प्रत्येक मूल एक पान अडकवेल. छान वाटत असेल तर हिरवे, उदास वाटत असेल तर पिवळे, राग आला असेल तर वाळलेले. सगळ्यांसमोर "का रे?" असे विचारायचे नाही. फक्त बघायचे आणि लक्षात ठेवायचे. सलग आठवडाभर वाळलेले पान लावणाऱ्या मुलाशी नंतर एकट्याने, खेळता खेळता बोलायचे.

तिसरा तास बोलण्याचा. एकीने रडणारे मूल व्हायचे, दुसरीने ताई. "रडू नको, शहाणा ना तू?" याऐवजी "आईची आठवण येते ना? मी इथंच बसते." "मारतोस काय, वाईट मुलगा!" याऐवजी "तुला राग आलाय. मारायचं नाही. चल, हा दगड पाण्यात टाकू." मुलाच्या भावनेला नाव मिळाले की निम्मा राग उतरतो. रागावणे चूक नाही, मारणे चूक आहे, हे त्याला वेगळे करून सांगता आले पाहिजे.

मग रोजची वीस मिनिटे अशी घालवा. पाच मिनिटे शांत चालणे, पाय जमिनीला कसे लागतात ते बघत. दहा मिनिटे मोकळे बघणे आणि गोळा करणे. शेवटची पाच मिनिटे गोल बसून प्रत्येकाने आपल्याला सापडलेली एक वस्तू दाखवणे. ज्याला बोलायचे नसेल त्याने नुसती वस्तू पुढे करावी. पावसात दारात उभे राहून पाऊस ऐका. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरका.

पालकांशी बोलताना तक्रारीने सुरुवात करू नका. त्या मुलाची आजी एकदा ताईला म्हणाली, "बाई, तुम्ही पोरांना मातीत खेळवता, शिकवत काहीच नाही." ताईने तिला खाली बसवले, नातवाने रचलेली पाने दाखवली आणि म्हणाली, "आजी, यानं पानं लहानापासून मोठ्यापर्यंत लावलीत. हे गणितच आहे. उद्या तुम्ही पण या, त्याला आघाडा ओळखायला शिकवा." दुसऱ्या दिवशी आजी आली. आता ती आठवड्यातून एकदा येते.

ताईचे स्वतःचे मन

नव्या ताईकडे तीस मुले, नोंदवह्या, सर्वेक्षणाची कामे, पोषण आहार आणि वर तुटपुंजे मानधन असते. घरी गेल्यावर स्वतःची मुले. मुलांची दुःखे ऐकून ऐकून ती मनात साचतात. म्हणून मुले गेल्यावर लगेच वही उघडू नका. पाच मिनिटे झाडाखाली बसा, पाणी प्या. आठवड्यातून एकदा दुसऱ्या ताईला भेटून मन मोकळे करा. मुलांची नावे न घेता बोललात तरी चालते. सगळे आपल्यालाच सुधारायचे आहे हे ओझे घेऊ नका. तुमचे काम रोज त्याच वेळी त्याच जागी हजर असण्याचे आहे. ज्याचे घर विस्कटले आहे त्या मुलाला तोच मोठा आधार असतो.

एवढ्याने भागत नाही तेव्हा

झाड औषधाची जागा घेत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस नाही, सतत रडू येते, मरणाचे विचार येतात, किंवा बाळंतपणानंतर आई बाळाकडे बघतही नाही, अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरकडे जायलाच हवे. मुलांच्या बाबतीत, बोलणारे मूल बोलायचे थांबले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा एखाद्या माणसाला बघून थरथरू लागले, तर दुर्लक्ष करू नका.

टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते आणि मराठीतही बोलता येते. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञांची चौकशी करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी सेवेतून असे उपचार मिळणे हा आपला हक्क आहे. चालू असलेली औषधे बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आणि भगताकडे, अंगारा-धुपाऱ्याकडे जाऊ नका. बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून बाहेर काढले आहे. ताप आला की दवाखान्यात जातो, तसेच मनाच्या दुखण्यालाही जायचे.

विहार समित्यांना विनंती आहे. आवारात एक झाड, त्याला पार किंवा एखादा बाक, पाण्याचा एक नळ एवढे बघा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास त्या झाडाखाली घालवा. भाषण ठेवू नका.

त्या मुलाची आई एका पौर्णिमेला पहिल्यांदाच विहारात थांबली. कामावरून थेट आली होती. मुलाने तिचा हात धरून तिला पिंपळाखाली नेले आणि मुंग्यांची रांग दाखवली. ती तिथेच बसली आणि तिला रडू कोसळले. नवरा गेल्यापासून तिला रडायला जागाच मिळाली नव्हती. दोघी-तिघी तिच्याशेजारी जाऊन बसल्या. कुणी काही बोलले नाही. मुलगा मात्र बोलत होता. आईला सांगत होता, कुठली मुंगी कुठे चालली आहे ते.

जयभीम! नमो बुद्धाय!